दांतोरचा चेहरा

इल्मीझनं निशाणावरचा चेहरा चौथ्यांदा उसवायला घेतला, तेव्हा तिची मुलगी गेर्दा पेपर तपासता तपासता म्हणाली, "मामान, ही देवी दांतोर एक दिवस अंगात येऊन तुझंच तोंड उसवेल हं."

"तू तुझी पोरं नापास कर, माझ्या कामात नाक खुपसू नकोस," इल्मीझ म्हणाली आणि कात्रीच्या टोकानं आणखी एक काळी टिकली उचकटली.

पोर्त-ओ-प्रेन्समध्ये, बेलएरच्या टेकडीवरच्या एका चढाच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत लाकडी चौकट आडवी ठेवलेली, तिच्यावर कापड ढोलक्यासारखं ताणलेलं, आणि भोवती दुधाच्या रिकाम्या डब्यांत रंगारंगाच्या टिकल्या नि मणी. पाहुणा आला की आधी डबे उचलायचे, मग त्याला बसवायचं. तरुणपणी इल्मीझनं अकरा वर्षं एका कारखान्यात परदेशातल्या नवरीमुलींच्या झग्यांवर मोती टाकले. कोण त्या मुली, त्यांचे संसार टिकले की मोडले, काही कळलं नाही. कारखाना बंद पडला तशी ती देवांकडे वळली. जपजाप्य करायला नव्हे, तर दैवतांच्या ठाण्यात त्यांना बोलावताना जी निशाणं नाचवतात ती भरायला. तेव्हा टेकडीवर हे काम पुरुषांचंच होतं. तिनं भरलेला पहिला ओगू पाहून सगळे कारागीर खिदळले होते, "लढाईच्या देवाला हिनं नवरीसारखा नटवलाय!" पण खालच्या गल्लीतल्या ठाण्याची पुजारीण, मान्बो क्लेर्सिना, तिनं ते निशाण उचललं आणि म्हणाली, "लढाईला जाणाऱ्यानं काय फाटक्यानं जायचं?" तेव्हापासून त्या ठाण्याचं प्रत्येक निशाण इल्मीझच्या हातचं.

आणि आता मान्बोला जुलैच्या सणासाठी दांतोरचं नवं निशाण हवं होतं. जुनं उंदरांनी खाल्लं होतं. निळा झगा झाला, लाल काठ झाला, मांडीवरची लेक झाली, काळजात खुपसलेला खंजीरही झाला. चेहरा मात्र होईना. चेहरा काळा हवा. काळ्या टिकल्या लावल्या, तर उन्हात त्या अशा लखलखायच्या, की दहा पावलांवरून देवीचं तोंड पांढऱ्या बशीसारखं दिसायचं. आणि गोरी दांतोर म्हणजे तर आफतच! गोरी ती फ्रेदा, तिची बहीण. अत्तरात न्हाणारी, अंगठ्या मिरवणारी, नख तुटलं तरी टिपं गाळणारी. दांतोर काळी, दणकट हातांची, एकटीच्या बळावर लेकरं वाढवणारी, डुकराचं मटण आणि रम घेणारी. दोघींचं इतकं वाकडं, की एका छपराखाली त्यांचं ताटही मांडत नाहीत.

"दांतोरच्या अंगणात मी फ्रेदाला नाचवली, तर मान्बो मला टेकडीवरून खाली ढकलेल," इल्मीझ म्हणाली.

"ढकलेल कशाला? तू चेहरा पुरा करशील तेव्हा ना," गेर्दा म्हणाली.

नेमकी त्याच वेळी दारात एक गोरी म्हातारी उभी राहिली. उंच, डोक्यावर कापडी टोपी, नाकावर चष्मा, चढ चढून तोंड टोमॅटोसारखं लाल झालेलं. तिनं धापा टाकत तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं, की तिचं नाव हालिना, ती पोलंडची, तिचा भाऊ लेओगानला पाद्री आहे, ती त्याच्याकडे दोन महिने राहायला आली आहे आणि तिला टिकल्यांची निशाणं बघायची आहेत. गेर्दा शाळेत फ्रेंच शिकवायची, आईला मात्र इथली क्रेओल बोलीच बरी. त्यामुळे दुभाष्याचं काम गेर्दाकडे आलं आणि तिनं ते आनंदानं पत्करलं.

"बसा म्हणावं," इल्मीझ म्हणाली आणि डबे उचलायला वाकली.

पण हालिना बसलीच नाही. चौकटीकडे तिचं लक्ष गेलं. निळा झगा, मांडीवर लेकरू, आणि चेहऱ्याच्या रिकाम्या जागी खडूनं काढलेले डोळे, नाक, गालावरचे दोन लांब वण. तिनं छातीवर क्रूस काढला आणि तिथंच, दोरे नि कातरणं पडलेल्या जमिनीवर गुडघे टेकले.

"आता हे काय?" इल्मीझ दचकली. "हिला फेपरं आलं का गं?"

हालिना काहीतरी बोलली. गेर्दानं भुवया उंचावल्या. "मामान, ती म्हणते, ही आमची आई आहे."

"कुणाची?"

"त्यांची. पोलंडची, देवाची आई."

"तिला म्हणावं, आईबाईला घरी ठेवून आलात, तिथंच जाऊन बघा. ही दांतोर आहे, आणि ती माझी आहे."

गेर्दानं फ्रेंचमध्ये काहीतरी फारच गोड सांगितलं असावं, कारण हालिनानं हसून मान डोलावली, पर्स उघडली आणि आतून एक जुनं, कोपरे झिजलेलं चित्र काढून इल्मीझच्या हातावर ठेवलं. काळी बाई, मांडीवर काळं लेकरू, सोनेरी काठाचा झगा, गालावर दोन वण. इल्मीझ स्वतः ज्या छापील चित्रावरून आखणी करायची, ते भिंतीवर खिळ्याला लटकत होतं. तिनं दोन्ही शेजारीशेजारी धरली. काडीचा फरक नव्हता.

तिनं दोन्ही चित्रं उन्हाकडे वळवून पाहिली. मग म्हणाली, "विचार तिला, ते वण कशाचे?"

"दरोडेखोरानं तलवार मारली, म्हणते. फार वर्षांपूर्वी, त्यांच्या मठात."

"छट्! दरोडेखोर पळायच्या घाईत असतो, इतका नीट हिशेबानं गालावर वार करील का? हे बाईचं काम आहे. फ्रेदानं मारलेत ते, भांडणात. सांग तिला."

या खेपेला गेर्दानं शब्दन् शब्द सांगितला. हालिना उठून उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि तलवारीच्या बाजूनं असं काही तावातावानं बोलली, की शेजारीण खिडकीतून डोकावली. दोघी अर्धा तास भांडल्या. इल्मीझ क्रेओलमधून, हालिना फ्रेंच संपलं की पोलिशमधून, आणि मध्ये गेर्दा हसून हसून पाणी प्यायला दोनदा उठली.

शेवटी गेर्दातली मास्तरीण जागी झाली. "अहो, थांबा दोघी! मादाम, तुमचे सैनिक इथं आले होते, दोनशे वर्षांपूर्वी. आम्ही गुलामांनी बंड केलं म्हणून फ्रेंचांनी आणले होते आम्हाला मारायला. त्यातले कितीतरी आमच्या बाजूनं आले, इथंच राहिले, संसार थाटले. त्यांच्याच खिशातून हे चित्र आलं असं म्हणतात. आणि आमच्या बादशहानं, देसालिननं, घटनेतच लिहून ठेवलं, की हे पोलंडवाले इथले नागरिक, आणि इथल्या प्रत्येक नागरिकाला काळाच म्हणायचं."

हालिनानं तिला हे दोनदा सांगायला लावलं. मग स्वतःच्या उन्हानं भाजलेल्या हाताकडे बघत विचारलं, "म्हणजे मी काळी?"

गेर्दानं हे आईला सांगितलं. इल्मीझनं म्हातारीला टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं. "कायद्यानं असेल बाई," ती म्हणाली, "पण उन्हाला अजून पत्ता नाही. तिला सावलीत बसव."

भांडण तिथं मिटलं. हालिना बसली, उसाच्या गुळाचं सरबत प्यायली आणि चौकटीजवळ सरकून टिकल्या बघू लागली. प्रत्येक टिकलीवर एक बारीक मणी ठेवून तो टाक्यानं कसा पक्का केला आहे, ते तिनं नखानं चाचपून पाहिलं. मग न विचारता इल्मीझचा हात हातात घेतला आणि तिच्या मधल्या बोटाच्या टोकावर अंगठा फिरवला. तिथं सुईनं केलेला दगडासारखा घट्टा होता. हालिनानं स्वतःचं बोट पुढं केलं. तिलाही तसाच. चौतीस वर्षं तिनं एका संग्रहालयात जुन्या चर्चचे भरजरी झगे दुरुस्त केले होते, हे कळायला मग गेर्दाची गरज लागली. पण मुद्दा इल्मीझला आधीच कळला होता.

"चेहरा का नाही केला?" हालिनानं विचारलं.

इल्मीझनं काळ्या टिकल्यांची एक पट्टी उन्हात धरली आणि हालिनाला दारापर्यंत मागं जायला लावलं. दारातून म्हातारी ओरडली, "पांढरी!"

"तेच तर!" इल्मीझ म्हणाली.

हालिना परत येऊन बसली. आमच्याकडे त्या चित्रातल्या आईला सोन्याचे, मोत्यांचे झगे चढवतात, ती सांगू लागली. जुना काढतात, नवा घालतात. पण चेहऱ्याला धातू लावत नाहीत. चेहरा नुसतं लाकूड आणि रंग. कितीही सोनं असो, नजर चेहऱ्यावरच जाते, कारण तेवढा एकच चमकत नाही.

गेर्दाचं सांगून व्हायच्या आत इल्मीझनं मांडीवर थाप मारली. "दोरा! नुसता दोरा! टिकली नाही, मणी नाही. मी इतकी वर्षं देवांना दागिन्यांनी मढवतेय, आणि दांतोरला दागिने आवडतात कुठं? ते चोचले फ्रेदाचे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हालिना स्वतःचा सुयांचा डबा घेऊन हजर झाली. भावानं तिला म्हणे बजावलं होतं, की त्या बायका भुतं बोलावतात. "मी म्हटलं, माझं लग्न लावायला निघालास तेव्हा तू जी स्थळं आणलीस, त्यांच्यापेक्षा भुतं बरी," हालिनानं सांगितलं, आणि इल्मीझला ही बाई पहिल्यांदा मनापासून आवडली.

पण काम सोपं नव्हतं. एका टाक्याचा दोरा पुढच्या टाक्यानं मधोमध चिरत जायचा, गालाच्या गोलाईबरोबर वळायचं, म्हणजे सावली आपोआप येते. हे हालिनाला येत होतं, इल्मीझला नाही. उलट हालिना काळा म्हणून जो दोरा उचलायची, तो इल्मीझ बाजूला सारायची. "हा काळा नव्हे, हा भ्यालेला तपकिरी. गेर्दा, सांग तिला, काळ्यात किती रंग असतात ते. माझा दंड बघ म्हणावं. कोपराशी निळा, खांद्याशी लाल, आणि घाम आला की तांब्याचा." हालिना खरंच तिचा दंड खिडकीजवळ धरून पाहत बसली. मग डब्यातून गर्द निळा आणि किरमिजी दोरा काढून काळ्याबरोबर एकाच सुईत ओवला. टाका कापडावर पडला, आणि इल्मीझनं आपला दंड त्याच्याशेजारी धरून पाहिला.

वण असलेला गाल कुणी भरायचा यावरून पुन्हा जुंपली. तो इल्मीझनं सोडला नाही. दुसरा हालिनाला दिला. चौकटीच्या दोन बाजूंना दोघी समोरासमोर बसायच्या, दुपारी शेंगदाण्याची चिक्की आणि कॉफी, आणि गेर्दा शेजारी गेली तरी त्यांचं अडत नव्हतं. "इथं," "नाही," "अजून," "बास" एवढे शब्द दोघींना पुरत होते. हालिनाला क्रेओलमधला पहिला पूर्ण शब्द आला तो "माकोमे". एकीच्या लेकराची दुसरी धर्ममाता झाली, की बायका एकमेकींना अशी हाक मारतात. "आपलं लेकरू कुठलं गं?" इल्मीझनं चेष्टेनं विचारलं. हालिनानं सुईनं चौकटीकडे खूण केली.

सणाच्या दिवशी सकाळी शेवटचा टाका पडला. दोघींनी निशाण उचलून भिंतीला लावलं, मागं सरकल्या आणि थबकल्या. जवळून कधी लक्षातच आलं नव्हतं. हालिनाची बाजू दुःखी होती. पापणी झुकलेली, ओठाचा कोपरा खाली. इल्मीझची बाजू रागावलेली होती. डोळा टक्क उघडा, गाल ताठ.

"अर्धी रडतेय आणि अर्धी खायला उठलीय," गेर्दा हळूच म्हणाली.

"तुझी बाजू बदल," इल्मीझ हालिनाला म्हणाली.

"तुझी बदल," हालिना क्रेओलमध्येच म्हणाली. एवढं आता तिला येत होतं.

पण वेळ कुठला? खालून ढोल वाजायला लागले होते. इल्मीझनं घाईघाईनं मागं अस्तर टाचलं, निशाण खांद्यावर टाकलं आणि तिघी उतारावरून निघाल्या.

मान्बो क्लेर्सिनाचं अंगण माणसांनी फुललं होतं. लाल-निळे कापडी पट्टे मधल्या खांबाला गुंडाळलेले, कढईत डुकराचं मटण तळलं जात होतं, पोरं पायांत येत होती. हालिनाला पाहून कुणीतरी ओरडलं, "ही ब्लां, ही परकी गोरी, कुणाची?" आणि मान्बो उत्तरली, "इल्मीझची. हात धुवा आणि तिला ताट द्या." ताटात मटणाबरोबर कोबीचं लोणचं होतं. आपल्या गावचा आंबवलेला कोबी समजून हालिनानं मोठा घास घेतला. पुढची दहा मिनिटं ती डोळे पुसत होती आणि चार बायका तिला रुमालांनी वारा घालत होत्या. "आणखी दे," ती श्वास आला तशी म्हणाली, आणि अंगण हसलं.

दुपारी तीनच्या सुमारास निशाणं निघाली. पुढं तलवारवाला, मागं दोन बायका निशाणं पसरून, गिरक्या घेत. इल्मीझ खांबाआड उभी राहिली. तिला बघवत नव्हतं. मग लोकांचा आवाज बदलला आणि तिनं मान वर केली. निशाण वळत होतं, तसा चेहराही वळत होता. एकदा तो उन्हातून आला तो रागावलेला, फिरून गेला तो दुःखी, आणि समोर आला तेव्हा दोन्ही. टिकल्यांचा निळा झगा पेटल्यासारखा लखलखत होता आणि त्यात तो चेहरा काळा, शांत, कुठल्याही उजेडाला न बधणारा. समोरची एक आजी मोठ्यानं म्हणाली, "अगं, ही तर माझ्या आईसारखी बघते!"

"माझ्याही," शेजारची म्हणाली.

तेवढ्यात मान्बोचे पाय लटपटले. तिला चौघींनी धरलं, तिच्या खांद्यावर लाल रुमाल टाकला. ती सरळ झाली तेव्हा ती क्लेर्सिना नव्हती. दांतोर आली होती. दांतोर बोलत नाही; तिची जीभ लढाईत कापली गेली, असं म्हणतात. "के-के-के," एवढाच आवाज करत ती अंगणभर फिरली, लेकुरवाळ्यांच्या कपाळाला कपाळ लावलं, रमचा घोट घेतला आणि निशाणापुढं येऊन थांबली. ढोलही थांबले.

इल्मीझ खांबाआड आणखी सरकली.

दांतोर वाकून बघत होती. मग तिनं इकडंतिकडं पाहिलं, तरातरा हालिनाकडं गेली, तिच्या नाकावरचा चष्मा काढला आणि स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. कुणाला हसू आवरेना. चष्मा लावून ती पुन्हा निशाणाशी आली. झुकलेल्या पापणीवर तिनं बोट फिरवलं. वणांवर बोट फिरवलं. "के," ती हळूच म्हणाली. मग झटक्यात निशाण उलटं केलं, घाईनं टाचलेलं अस्तर ओढून सोडवलं आणि मागची बाजू सगळ्यांना दाखवली. हालिनाच्या बाजूला मागंही टाके गवताच्या पात्यांसारखे एका दिशेनं होते. इल्मीझच्या बाजूला गाठी, लोंबते दोरे, एक विसरलेली सुईसुद्धा.

"के-के-के-के!" दांतोरनं इल्मीझपुढं बोट नाचवलं.

"अस्तर असतं ना आई वरून," इल्मीझ पुटपुटली, "कोण बघतंय म्हटलं..."

अंगण असं हसलं, की ढोलवाल्यानं ढोलावर डोकं टेकलं. दांतोरही हसली. तिनं एका हातानं इल्मीझला, दुसऱ्यानं हालिनाला ओढलं, दोघींना छातीशी इतकं घट्ट धरलं की हालिनाची टोपी पडली, आणि एकाच ताटातून दोघींना मटणाचा एकेक घास भरवला. हालिना रडत होती. इल्मीझला वाटलं, लोणचंच लागलं असेल. मग आपलेही डोळे भरलेत हे तिला कळलं, आणि तिनं तर लोणचं घेतलंच नव्हतं.

संध्याकाळी मान्बो भानावर आली तेव्हा खुर्चीत बसून पाय चोळत होती. "निशाण कसं झालं?" तिनं विचारलं. तिला काहीच आठवत नव्हतं. "बरं झालं," इल्मीझ म्हणाली. "मागची बाजू तेवढी नीट करून देते."

हालिना त्या शुक्रवारी मायदेशी जायची होती. गेली नाही. तिकीट बदललं आणि भावाला सांगितलं, की इथं शिवणाचं काम पडलंय. भाऊ एकदा स्वतः टेकडी चढून आला, ताईची भुतं बघायला. त्याला मटण मिळालं, कॉफी मिळाली, आणि जाताना त्यानं भिंतीवरच्या चित्राला, गेर्दाचं लक्ष नाही असं समजून, हात जोडले.

मंगळवारी हालिना आली तेव्हा चौकटीवर नवं कापड ताणलेलं होतं. किनाऱ्यावरच्या एका कोळ्यानं निशाण सांगितलं होतं. इल्मीझनं खडूनं आखणीही केली होती. कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वळणं घेत गेलेली एक जाडजूड आकृती.

"हे काय, माकोमे?" हालिनानं विचारलं. "नदी?"

"दांबाला. सगळ्यात जुना देव. साप आहे."

हालिना दोन पावलं मागं सरली. "साप?" तिचा आवाज चिरकला. "मला सापाची फार भीती. चित्रातल्याचीही. लहानपणापासून!"

गेर्दानं हे सांगितल्यावर इल्मीझ इतकी हसली, की पांढऱ्या टिकल्यांचा डबा तिच्या हातून निसटला आणि खोलीभर टिकल्या झाल्या. तिघी गुडघ्यांवर बसून त्या वेचू लागल्या. निम्म्या वेचून झाल्यावर हालिना उठली, सुईत दोरा ओवला, कपाळावरचा घाम पुसला आणि चौकटीच्या अगदी लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

"मी शेपटीकडून घेते," ती म्हणाली. "डोकं तू कर. आणि जवळ आलीस की आधी सांग."